‘व्हीआयपी’ : शब्द आणि व्यवहार

काही परकीय शब्द भाषेत एकटे येत नाहीत. आपल्याबरोबर एक समाजरीतही घेऊन येतात. ‘व्हीआयपी’ हा त्यांपैकीच एक. ‘व्हेरी इम्पॉर्टन्ट पर्सन’ या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे हे रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाले. शासकीय मराठीने त्यास ‘अतिमहत्त्वाची व्यक्ती’ असा प्रतिशब्द दिला खरा. परंतु लोह्याच्या बसस्थानकापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत लोकांच्या तोंडी बसला तो मूळ शब्दच.

मोठ्या माणसांसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. विद्वान, दानशूर, कर्तबगार, कीर्तिवंत हे शब्द मोठेपणाबरोबर त्याचे कारणही सांगतात. ‘व्हीआयपी’ कारण सांगत नाही. इतरांनी वाट सोडावी, एवढेच तो सुचवितो. म्हणूनच तो माणसापुरता न राहता वस्तूंनाही चिकटला. व्हीआयपी खुर्ची, व्हीआयपी पास, व्हीआयपी दर्शन, इतकेच नव्हे तर मोटारीचा व्हीआयपी नंबरसुद्धा!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने रांग ही दुर्मीळ वस्तूच्या वाटपाची एक पद्धत होय. तेथे पैशांऐवजी वेळेच्या रूपाने किंमत मोजावी लागते. एखाद्यास रांग मोडून पुढे नेले म्हणजे ती किंमत नाहीशी होत नाही. मागे उभे असलेल्यांवर ती विभागली जाते. पगारदारास अर्ध्या तासाचा खोळंबा सोसता येईल. परंतु वाडी-तांड्यावरून तालुक्याच्या गावी दाखल्यासाठी आलेल्या मजुराचे काम त्या खोळंब्यामुळे उद्यावर गेले, तर त्याची आणखी एक दिवसाची मजुरी बुडते. एकाच्या सन्मानाचा खर्च दुसऱ्याच्या चुलीवर पडावा, हे न्यायास धरून नाही.

पदाच्या जबाबदारीमुळे काहींना संरक्षण द्यावे लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण गरज आणि मिरवणूक यांतील सीमारेषा स्पष्ट हवी. राज्यघटनेच्या १८व्या अनुच्छेदाने लष्करी व शैक्षणिक मानाखेरीज अन्य किताब देण्यास राज्यसंस्थेला मनाई केली. तरीही मोटारीवरील लाल दिवा दीर्घकाळ किताबासारखाच मिरविला गेला. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने तो बंद केला. राष्ट्रपती आणि पंतप्रधानही त्यास अपवाद ठरले नाहीत. रुग्णवाहिका, अग्निशामक दल आणि पोलीस यांच्या वाहनांवर मात्र दिवा राहिला. म्हणजेच अग्रक्रम व्यक्तीकडून कामाकडे गेला. दिवे उतरले, मनोवृत्ती मात्र पुरती उतरलेली नाही.

याचा धडा घेण्यासाठी मराठवाड्याला दूर जाण्याची आवश्यकता नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगरात सर्व जण एकाच पंगतीत बसून जेवतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा त्याची चाल पाहतो, दात पाहतो. धन्याच्या नावावर सौदा करीत नाही.

गुणवंतांचा गौरव जरूर व्हावा. पण तो त्यांच्या कार्याचा व्हावा. रांगेत आधी जाण्याचा हक्क आजारी, वृद्ध आणि कडेवर मूल असलेल्या मातेचा आहे. शाळेत मुलांना तासन्‌तास उन्हात उभे करून पाहुण्यांचे स्वागत करण्यापेक्षा, त्यांना हा साधा नियम शिकविणे अधिक हिताचे ठरेल.