ओढ वेगळी, गोडी वेगळी

डोपामिन हे ‘आनंदाचे रसायन’ आहे, हे वाक्य आता रविवारच्या पुरवण्यांपासून शाळकरी मुलांच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे पोचले आहे. मोबाइल हातात घेतला, गोड खाल्ले, कुणी कौतुक केले की मेंदूत डोपामिन सुटते आणि म्हणून सुख होते, असे त्यामागचे गणित. हे गणित चुकीचे आहे आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. व्यसनी माणूस मजा मारतोय आणि नैराश्याने अंथरुणाला खिळलेला माणूस आळशी आहे, हे दोन्ही निवाडे याच समजुतीच्या आधाराने बिनदिक्कत दिले जातात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी तीन दशकांहून अधिक काळ केलेले संशोधन वेगळेच काही सांगते. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती मिळाल्यावर सुख होणे ही मेंदूतल्या दोन निरनिराळ्या यंत्रणांची कामे आहेत. पहिलीला आपण ओढ म्हणू, दुसरीला गोडी. डोपामिनचा संबंध मुख्यतः ओढीशी आहे.

जुन्या समजुतीचे मूळ 1954 सालच्या एका प्रयोगात सापडते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातली कळ दाबली की तिथे विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. तार ठरावीक जागी पोचली असेल तर उंदीर कळ दाबतच राहत. पुढच्या प्रयोगांत हे प्रमाण तासाला हजारो वेळांवर गेले. मेंदूतले सुखकेंद्र सापडले, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या मार्गावर डोपामिन वापरणाऱ्या पेशी आहेत हे पुढे कळले आणि 1982 मध्ये रॉय वाइज यांनी डोपामिन अडवले की प्राण्याच्या आयुष्यातली गोडीच जाते, असा सिद्धांत मांडला. पण या सगळ्यात एक जागा कच्ची होती. उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबतो, एवढेच डोळ्यांना दिसत होते. त्याला त्यात सुख मिळते, हे माणसांनी जोडलेले होते.

बेरिजही सुरुवातीला वाइज यांच्याच मताचे होते. त्यांच्याकडे सुख मोजण्याचे एक वेगळे साधन मात्र होते, ते म्हणजे चेहरा. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले तर ते ओठ चाटते, कडू लागले तर तोंड वासून ते बाहेर ढकलते. माकडे आणि उंदीरही जवळपास हेच करतात. 1989 मध्ये बेरिज आणि त्यांचे सहकारी टेरी रॉबिन्सन यांनी एका विषारी रसायनाने उंदरांच्या मेंदूतले जवळजवळ सगळे डोपामिन नष्ट केले. या उंदरांनी खाणेपिणे पूर्ण सोडले. अन्न समोर असतानाही ते उपाशी मेले असते. नळीने भरवून त्यांना जगवावे लागले. जुना सिद्धांत खरा असता तर त्यांना साखरही बेचव लागायला हवी होती. प्रत्यक्षात साखरेचे पाणी थेट तोंडात सोडल्यावर त्यांनी इतर उंदरांसारखेच ओठ चाटले. अन्नाकडे चार पावले जाण्याची इच्छा त्यांच्यात उरली नव्हती, चव मात्र शाबूत होती. उलट बाजूही दोन वर्षांनी तपासली गेली. मेंदूच्या एका भागाला वीज दिल्यावर जे उंदीर अधाशासारखे खात सुटत, त्यांच्या चेहऱ्यावर गोडीच्या खुणा वाढल्या नाहीत. झालीच तर किळस थोडी वाढलेली दिसली. त्यांची ओढ पेटली होती आणि ते नावडते अन्न खात होते.

ओठ चाटणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असेल, त्यावरून सुखाविषयी काय सांगता येणार, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो रास्त होता. पण हीच क्रिया प्राण्याच्या अवस्थेप्रमाणे बदलते. भुकेल्या उंदराला साखर अधिक आवडते. साखरेनंतर मळमळ झाल्याचा अनुभव असेल तर तीच साखर तोंडात पडताच तो कडू खाल्ल्यासारखा चेहरा करतो. शिवाय ही गोडी वाढवणाऱ्या जागाही पुढे सापडल्या. त्या आकाराने फारच लहान आहेत. उंदराच्या न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात अशी एक जागा जेमतेम एक घन मिलिमीटरची आहे. तिथे अफूच्या जातीचे, म्हणजे ओपिऑइड रसायन सोडले की गोडी वाढते. डोपामिन वाढवून तसे होत नाही. ओढीची मंडले मोठी आणि मजबूत, गोडीची छोटी आणि नाजूक, हा फरक मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वुल्फ्रम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन-पेशींची नोंद घेतली, तेव्हा त्या पेशी अनपेक्षित फळरसाला जोरात प्रतिसाद देत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले की प्रतिसाद रसाकडून दिव्याकडे सरके आणि ठरलेला रस चुकला तर पेशी मंदावत. 1997 मध्ये पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी मांडले, की हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या तफावतीचा संकेत असून मेंदू त्यातून शिकतो. मग डोपामिन शिकण्यासाठी आहे की ओढीसाठी? माझ्या मते ते शिकवते हे नाकारण्याचे कारण नाही, पण तेवढ्याने ओढीचा उलगडा होत नाही. 2013 मध्ये बेरिज यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना एक कळ पुढे आली की तोंडात समुद्राहूनही खारट पाणी येते, असे शिकवले गेले. कळ दिसताच ते भिंतीकडे वळत. मग औषध देऊन त्यांच्या शरीरात मिठाची टंचाई निर्माण केली आणि तीच कळ पुन्हा पुढे आणली, या वेळी मीठ न देता. तेच उंदीर धावत जाऊन कळ हुंगू आणि चावू लागले. ते मीठ चांगले लागल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी एकदाही नव्हता. शिकवण जुनीच होती, ओढ मात्र त्या क्षणी तयार झाली.

माणसांबाबतचा पुरावा इतका एकमुखी नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोपामिन वाढवणारे औषध घेतलेल्यांना संगीतातून अधिक आनंद मिळाला, अडवणारे औषध घेतल्यावर कमी. पण संगीतात पुढच्या सुराची उत्कंठा आणि तो लागल्याचे सुख एकमेकांत इतके विणलेले असते, की एकट्या गोडीची परीक्षा म्हणून ते निवडणे मला पटत नाही. कोकेनच्या प्रयोगांत ते दोन धागे सुटे होताना दिसले: शरीरातील डोपामिनचा कच्चा माल कमी केल्यावर कोकेनची ओढ घटली, त्याने येणारी धुंदी तेवढी घटली नाही.

सर्वांत ठसठशीत पुरावा रुग्णालयांतला आहे. कंपवातात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. म्हणून ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते लेव्होडोपा हे औषध देतात, जे आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतही असते. (बिया स्वतःच्या मनाने खाण्याच्या फंदात कुणी पडू नये.) डोपामिनची नक्कल करणारी गोळ्यांची आणखी एक जात आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 3090 रुग्णांच्या 2010 सालच्या पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांमध्ये जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासनेचा अनावर झपाटा आढळला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होते. संसारी, काटकसरी माणूसही अशा औषधाने जुगाराकडे ओढला जाऊ शकतो आणि औषध कमी केल्यावर सहसा सावरतो. त्याच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत.

व्यसनातही बेरिज आणि रॉबिन्सन हेच दाखवतात. 1993 साली त्यांनी मांडले, की अमली पदार्थांनी ओढीचे मंडल कदाचित कायमचे हळवे होते आणि नशेची गोडी उतरत गेली तरी ओढ चढतच जाते. दारू आता चांगली लागत नाही, तरी सुटत नाही, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. मग त्याची जबाबदारीच संपली का, असे कुणी विचारेल. संपत नाही, बाटली, गल्ली, मित्र या खुणा टाळण्याचे काम त्यालाच करायचे असते. पण हे काम वर्षानुवर्षे चालणार आहे आणि ते एकट्याच्या निर्धारावर सोडता येत नाही, एवढे कुटुंबाला आणि उपचार करणाऱ्यांना कळले पाहिजे.

नैराश्यात उलटी बाजू दिसते. अनेक नैराश्यग्रस्तांना चाचणीत साखरेची चव इतरांइतकीच आवडते. मात्र जास्त पैशांसाठी जास्त कष्ट घ्यायचे की थोड्यावर भागवायचे, असा पर्याय दिला तर ते कष्टाची वाट कमी वेळा निवडतात. म्हणजे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गोडी जागेवर असते, तिथवर नेणारी ओढ अडलेली असते. वर्तन-सक्रियता ही उपचारपद्धती मेंदूच्या प्रयोगांतून निघालेली नाही, तरी ती या निष्कर्षाशी जुळते. तिच्यात इच्छा होण्याची वाट न पाहता फिरायला जाणे, कुणाला फोन करणे, भाजी चिरणे अशी कामे ठरल्या वेळी करायची आणि नंतर कसे वाटले ते टिपायचे असते. इंग्लंडमध्ये 440 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती विचार बदलण्यावर भर देणाऱ्या प्रचलित मानसोपचाराच्या तोडीस तोड ठरली. आणि ती देणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेले कनिष्ठ कार्यकर्ते होते. तज्ज्ञांची वानवा असलेल्या आपल्या तालुक्यांसाठी हा तपशील फार मोलाचा आहे.