न्यायनिष्ठेची कसोटी : न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन

न्यायालयाचा निर्णय प्रबळ लोकमताच्या विरोधात जातो, तेव्हाच न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी लागते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील संघीय न्यायाधीश फ्रँक मिनिस जॉन्सन यांना ही कसोटी वारंवार द्यावी लागली.

१९१८ मध्ये अलाबामाच्या डोंगराळ विन्स्टन परगण्यात त्यांचा जन्म झाला. १९४३ मध्ये कायद्याची पदवी संपादन करून ते सैन्यात दाखल झाले. पायदळाचे अधिकारी म्हणून नॉर्मंडीत लढताना ते जखमी झाले; ‘ब्राँझ स्टार’ पदकाने त्यांचा गौरव झाला. युद्धानंतर त्यांनी वकिली केली आणि पुढे संघीय सरकारी वकील म्हणून काम पाहिले. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना न्यायाधीशपदी नेमले.

माँटगोमेरी शहरात त्या वेळी कृष्णवर्णीयांना बसमध्ये वेगळे बसविले जाई. १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. बहुमतात जॉन्सन होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा निर्णय कायम केला.

१९६५ मध्ये सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. जॉन्सन यांनी प्रथम नवा मोर्चा तात्पुरता थांबविला, साक्षीपुरावे ऐकले आणि मगच त्यास परवानगी दिली. अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा हक्कही व्यापक असला पाहिजे, असे त्यांचे सूत्र होते. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे त्यांचे विधी महाविद्यालयातील सहाध्यायी; तथापि जुन्या परिचयाचा त्यांच्या न्यायदानावर परिणाम झाला नाही.

या निर्णयांची किंमत त्यांच्या कुटुंबालाही मोजावी लागली. त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. सुदैवाने त्या बचावल्या. तरीही पुढे मनोरुग्णालयांतील रुग्णांचा उपचारांचा हक्क आणि तुरुंगांतील कैद्यांना माणुसकीची वागणूक, या प्रश्नांवर त्यांनी तितक्याच निर्धाराने निकाल दिले.

अशा निर्भयतेला घटनेचाही आधार होता. अलाबामा राज्याचे न्यायाधीश मतदारांकडून निवडले जातात. संघीय न्यायाधीशांना मात्र राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने नेमतात. सद्वर्तन असेतोवर त्यांचे पद अबाधित राहते आणि त्यांचे वेतन कमी करता येत नाही.

१९७९ मध्ये जॉन्सन अपील न्यायालयात गेले. १९९५ मध्ये त्यांना ‘राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक’ मिळाले आणि १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. घटना न्यायाधीशाला संरक्षण देते; त्या संरक्षणाचा उपयोग दुर्बलांसाठी करण्याचे धैर्य मात्र त्याला स्वतःच आणावे लागते.