इंग्रजी वाक्यातला ‘सब्जेक्ट’ ओळखताना मराठी मुले कुठे चुकतात? समजून घ्या सोप्या भाषेत

राज्यातील मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. शिष्यवृत्ती परीक्षेतही मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून इंग्रजी असते. तरीही ‘सिंपल सब्जेक्ट ओळखा’ म्हटले की अनेक जण अडखळतात. पुणे-सातारा महामार्गावरील किकवीचे (ता. भोर) उदाहरण घेऊ.

‘द बस फ्रॉम द हिल व्हिलेजेस स्टॉप्स ॲट किकवी.’ म्हणजे डोंगराकडच्या गावांतून येणारी बस किकवीला थांबते.

आधी क्रियापद शोधा

इथे क्रियापद ‘स्टॉप्स’. हेच सिंपल प्रेडिकेट. आता विचारा, थांबते कोण? उत्तर ‘बस’. हा सिंपल सब्जेक्ट. क्रियापदाला चिकटून ‘व्हिलेजेस’ आहे म्हणून ‘स्टॉप’ लिहिले, तर चूक. गावे थांबत नाहीत, बस थांबते.

मराठीच्या वाक्यपृथक्करणातही हेच असते. ‘बस’ हे उद्देश्य, ‘फ्रॉम द हिल व्हिलेजेस’ हा उद्देश्यविस्तार आणि ‘ॲट किकवी’ हा विधेयविस्तार.

गल्लत का होते?

मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याचे ऐकत नाही. ‘सीमाने आंबा खाल्ला’, पण ‘सीमाने चिंच खाल्ली’. सीमा तीच, क्रियापद मात्र कर्माप्रमाणे बदलले. ही सवय इंग्रजीत आली की ‘सीमा हॅव ईटन टू मँगोज’ असे लिहिले जाते. आंबे दोन असोत वा दहा, सब्जेक्ट एकटी सीमा आहे. त्यामुळे ‘हॅज’च हवे.

‘मला भूक लागली’ यात क्रियापद ‘भूक’शी जुळते. इंग्रजीत मात्र ‘आय ॲम हंग्री’ होते आणि सब्जेक्ट ‘आय’ असतो.

वाक्याचे चार प्रकार

• विधानार्थी: ‘धिस बस गोज टू भोर.’ सब्जेक्ट ‘बस’, प्रेडिकेट ‘गोज’.

• प्रश्नार्थी: ‘डज धिस बस गो टू भोर?’ सब्जेक्ट ‘बस’च, पण क्रियापद दुभंगले. त्यामुळे प्रेडिकेट ‘डज गो’.

• आज्ञार्थी: ‘स्टॉप द बस.’ इथे ‘बस’ सब्जेक्ट नाही, ते कर्म आहे. सब्जेक्ट ‘यू’, आणि तो लिहिलेला नसतो.

• उद्गारार्थी: ‘व्हॉट अ क्राउडेड बस धिस इज!’ सब्जेक्ट ‘धिस’, तोही शेवटाकडे. सुरुवातीला ‘व्हॉट’ दिसले म्हणून हा प्रश्न ठरत नाही.

फक्त विरामचिन्ह पाहून प्रकार ठरवू नका. ‘स्टॉप द बस!’ असे उद्गारचिन्ह दिले तरी वाक्य आज्ञार्थीच राहते.

लक्षात काय ठेवाल?

प्रश्नार्थी वाक्य आले तर आधी त्याचे साधे विधान करा. मग क्रियापद शोधा आणि शेवटी ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा. जवळचा शब्द पाहून उत्तर लिहिण्याची घाई केली नाही, तर हातचा गुण जाणार नाही.