कार्यालयातील प्रिंटर : एक रांग, अनेक यंत्रे

प्रवेशाचे दिवस आले की दाखल्यांसाठी कार्यालयांच्या खिडक्यांपुढे गर्दी होते. अशा वेळी आतील एका प्रिंटरपुढे वीस कामे तुंबलेली असतात आणि शेजारचे दोन स्वस्थ असतात, हे दृश्य अपरिचित नाही. प्रत्येक टेबलावरील संगणकास एकच प्रिंटर नेमून दिलेला असतो, हे त्याचे कारण. मग नव्या यंत्राची मागणी वरिष्ठांकडे जाते. वस्तुतः आहेत त्याच यंत्रांची सामाईक रांग केली, तर बहुधा त्या मागणीचे प्रयोजन उरत नाही.

विंडोज प्रणालीत या सोयीस ‘प्रिंटर पूलिंग’ म्हणतात. प्रिंटरच्या गुणधर्मांतील ‘पोर्ट्स’ या पानावर ती चालू करून एकाहून अधिक पोर्ट निवडावयाचे असतात. मात्र सर्व यंत्रे एकाच ड्रायव्हरवर चालणारी हवीत. लिनक्सवर हे काम ‘कप्स’ करते. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिच्या उभारणीस आरंभ केला व १९९९ मध्ये ती उपलब्ध झाली. तीत प्रिंटरांच्या गटास ‘क्लास’ असे नाव आहे. दोन्हींचे तत्त्व एकच : काम गटाच्या नावाने पाठवावयाचे, जे यंत्र मोकळे असेल ते ते उचलते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. वाटणी कामांची होते, पानांची नव्हे. तीनशे पानांचा अहवाल पाठविला तर तो सबंध एकाच यंत्राकडे जातो व बाकीची यंत्रे त्याला हातभार लावीत नाहीत. त्याच्या चार प्रती हव्या असतील तर चार स्वतंत्र कामे पाठवावीत. शिवाय कागद कोणत्या यंत्रातून बाहेर पडेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून गटातील यंत्रे शेजारी-शेजारी ठेवावीत, सर्वांत एकाच आकाराचा कागद भरावा आणि गोपनीय अहवाल गटाकडे कदापि पाठवू नयेत.

खरा प्रश्न अग्रक्रमाचा आहे. विंडोजमध्ये एकाच यंत्रास दोन नावे देता येतात. समजा, ‘तातडीचे’ आणि ‘नित्याचे’. प्रत्येकास १ ते ९९ पर्यंत अग्रक्रम देता येतो व ते कोणी वापरावे हेही ठरविता येते. कप्समध्ये प्रत्येक कामाचा अग्रक्रम १ ते १०० असतो. काही न सांगितल्यास तो ५० धरला जातो. सुरू झालेले काम मात्र अग्रक्रमामुळे मध्येच थांबत नाही. त्यामुळे जाडजूड याद्या कार्यालय सुटल्यावर छापाव्यात. काम ठराविक वेळेपर्यंत रोखून धरण्याची सोय दोन्हीकडे आहे. तातडीच्या नावाचा अधिकार कोणास द्यावा, हे यंत्र ठरवीत नाही, कार्यालयप्रमुख ठरवितात. तो वरिष्ठांच्या दालनास देण्याकडे साहजिकच कल असतो. परगावाहून येऊन एका कागदासाठी तिष्ठणारा माणूस ज्याच्या समोर उभा असतो, त्या खिडकीवरील लिपिकास तो देणे अधिक न्याय्य ठरेल.

गटातील एखाद्या यंत्रात कागद अडकला, तर विंडोजमध्ये त्याच्याकडे गेलेले काम तेथेच अडकून पडते. इतर यंत्रे चालूच राहिल्याने ते कोणाच्या ध्यानात येत नाही आणि ज्याचा दाखला त्या कामात आहे, तो खिडकीपाशी ताटकळत राहतो. तेव्हा दिवसातून दोनदा प्रत्येक यंत्र पाहण्याचे काम एखाद्या कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवावे.