हेडफोनचा ग्राफ खरा, की आपला कान?

(या भागाचं शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केले आहेत.)

इअरफोन घालून हा भाग ऐकत असाल तर छानच, कारण आजचा विषय अगदी तुमच्या कानातच बसलेला आहे.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. कॉलेज करतो आणि संध्याकाळी एका दुकानात काम करतो. तीन महिने पैसे बाजूला टाकून त्याने २,२०० रुपयांचे वायरवाले इअरफोन घेतले. पहिला आठवडा एकदम खूश होता. मग एका रिव्ह्यूमध्ये त्याला त्याच मॉडेलचा ग्राफ दिसला. रिव्ह्यू करणारा म्हणाला, बेस गरजेपेक्षा जास्त आहे आणि वरचा आवाज खडबडीत आहे. आता हा म्हणतो, "ताई, गाणं लावलं की गाणं ऐकूच येत नाही, तो ग्राफच ऐकू येतो. मी फसलो का?"

त्याला उत्तर देण्याआधी माझी एक फजिती सांगते. एकदा रात्री गच्चीवर बसून मी फोनमधल्या इक्वलायझरशी खेळत होते. बेस थोडा वर, मग आवाजाचा भाग थोडा वर. दहा मिनिटं खटपट केल्यावर म्हटलं, "आत्ता कुठे गाणं खुललं!" शेजारी बसलेल्या धाकट्या भावाने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, इक्वलायझर बंदच आहे." मी सगळे दांडे हलवले होते, फक्त वरचं मुख्य बटण चालू करायचं राहिलं होतं. पण फरक मला ऐकू आला होता, शप्पथ!

म्हणजे कान फसतो, हे कबूल. मग ग्राफवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? तसंही नाही. दोघांचं काम काय आहे ते नीट बघू.

ग्राफमध्ये असतं काय?

आडव्या रेषेवर असतात हर्ट्झ, म्हणजे आवाज किती खालचा किंवा वरचा आहे ते. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढतं तसं वरचं टोक कमी होत जातं. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आगेमागे येतो. 'स' चा सिसकारा ५,००० च्या पुढे. टाळ-झांजांची चकाकी त्याच्याही वर जाते. उभ्या रेषेवर असतात डेसिबल, म्हणजे तो आवाज किती मोठा. हेडफोनमध्ये सगळे स्वर सारख्याच ताकदीने पाठवले, तर बाहेर कुठला जास्त येतो आणि कुठला कमी, एवढंच ग्राफ सांगतो.

मोजतात कसं? खोट्या कानाने. रबराची पाळी, आत कानाच्या नळीसारखी पोकळी आणि पडद्याच्या जागी मायक्रोफोन. 'केमार' नावाचा असा डोकं-धडवाला पुतळा १९७२ पासून वापरात आहे. त्याला हेडफोन घालतात आणि २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर वाजवतात. काही सेकंदांत ग्राफ तयार.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, चांगल्या हेडफोनचा ग्राफ सरळ सपाट असायला हवा. पण खोट्या कानात सपाट मोजला जाणारा हेडफोन घातला, तर गायक शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटेल. कारण आपला कान स्वतःच काही स्वर वाढवतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक सूर निघतो ना? कानाची नळीही तशीच, साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि आतून पडद्याने बंद. तिचा सूर ३,००० हर्ट्झच्या आसपास पडतो. खोलीतला स्पीकर ऐकताना हा भाग पडद्यापर्यंत पोचताना आपोआप वाढतो. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलोय. इअरफोन मात्र ही वाट मध्येच अडवतो, म्हणून तो उंचवटा त्याला स्वतः तयार करावा लागतो.

मग तो उंचवटा किती हवा? बेस किती हवा? इथे पट्टी घेऊन काही ठरत नाही. ते माणसांना विचारावं लागतं.

'बरोबर' रेषा आली कुठून?

रिव्ह्यूमध्ये ग्राफच्या मागे एक फिकट रेषा असते, तिला 'टार्गेट' म्हणतात. सगळ्यात जास्त दिसते ती हार्मन कंपनीची रेषा. २०१२ च्या सुमाराला तिथे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हे काम सुरू केलं. त्यांनी लोकांना हेडफोन दिले आणि बेस-ट्रेबल आपल्या आवडीप्रमाणे लावायला सांगितलं. वेगवेगळ्या हेडफोनची तुलना करतानाही एक युक्ती केली. सगळ्यांच्या कानावर एकच हेडफोन, आणि बाकीच्यांचा आवाज इक्वलायझरने त्यातच उतरवलेला. त्यामुळे ब्रँड कुठला, किंमत किती, वजन किती, काहीच कळायला वाव नव्हता.

निष्कर्ष काय आला? साधारण ६४ टक्के लोकांना ती रेषा सर्वात जास्त आवडली. १५ टक्क्यांना तिच्यापेक्षा जास्त बेस हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी.

हे नीट ऐका, कारण आजच्या भागाचं सार इथे आहे. ज्या रेषेशी तुलना करून कुणीतरी तुमच्या इअरफोनला नापास करतो, ती रेषा अनेक कानांच्या पसंतीतूनच आली आहे. बहुतेकांना काय आवडतं, ते ती सांगते. आणि त्याच अभ्यासात तीनपैकी एकाहून जास्त माणसांची आवड थोडी वेगळी निघाली.

मग कान कधी फसतो?

कानाला डोळे चिकटलेले असतात तेव्हा. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. समोर दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरना जास्त गुण मिळाले आणि छोट्याला कमी. पडदा लावल्यावर हा फरक बराचसा आटला. अनुभवी ऐकणारेही यातून सुटले नाहीत.

किमतीचंही तेच. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. किंमत आणि ग्राफ यांचा एकमेकांशी संबंधच सापडला नाही. महाग हेडफोन मजबूत असेल, आरामदायी असेल, पण त्याचा आवाज चांगलाच असेल याची खात्री किंमत देत नाही.

दुसरा चकवा म्हणजे व्हॉल्यूम. दोन इअरफोनपैकी जो किंचित मोठा वाजतो, तो आपल्याला 'जास्त भरीव' आणि 'जास्त स्पष्ट' वाटतो. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे दुकानातल्या डेमोमध्ये एक जोडी मोठ्याने आणि दुसरी हळू वाजत असेल, तर तुम्ही हेडफोनची नाही, व्हॉल्यूमची निवड करताय.

तिसरा चकवा सवयीचा. 'पन्नास तास वाजव, मग खुलतो' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्या पन्नास तासांत इअरफोन फारसा बदलत नाही. तुमचा मेंदू त्याला सरावतो.

आणि ग्राफ कुठे कमी पडतो?

सगळ्यात आधी, फिटिंग. रबरी टिप कानात नीट बसली नाही आणि बारीकशी फट राहिली, तर बेस गळून जातो. ग्राफमध्ये बेस भरपूर आणि तुमच्या कानात गायब, असं झालं तर आधी टिपचा साइज बदलून बघा. डब्यात तीन जोड्या त्यासाठीच दिलेल्या असतात, आणि आपण पहिल्या दिवशीच त्या हरवतो.

दुसरं, वरचं टोक. साधारण ८,००० हर्ट्झच्या पुढे प्रत्येक कानाचा आकार आणि इअरफोन किती आत जातो, यावर आवाज बदलतो. खोट्या कानात तिथे दिसणारा टोकदार सुळका तुमच्या कानात जरा पुढेमागे असेल किंवा जाणवणारही नाही. आमच्या मित्राला ऐकू येणारा 'खडबडीतपणा' याच भागातला असेल, तर तो आहे की नाही ते त्याच्या कानालाच विचारावं लागेल.

तिसरं, जागा. प्रयोगशाळा शांत असते, लोकल शांत नसते. गाडीची घरघर खालच्या स्वरांत असते आणि ती गाण्यातला बेस गिळून टाकते. घरी 'बेस फार आहे' वाटणारा इअरफोन दादर ते कल्याण प्रवासात अगदी बेताचा वाटू शकतो.

आणि एक छोटी सूचना. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे ग्राफ शेजारी ठेवून तुलना करू नका. मोजायचं यंत्र वेगळं असेल तर एकाच इअरफोनची रेषाही वेगळी येते. उभी पट्टी ताणली की डोंगर दिसतो, दाबली की मैदान.

घरी करून बघा

कानावर विश्वास ठेवायचाच आहे, तर आधी त्याची परीक्षा घ्या. त्यासाठी लागेल एक फोन, एक मित्र आणि अर्धा तास.

एक. तीन ओळखीची गाणी निवडा. एक नुसत्या आवाजाचं, एक तबला-ढोलकीचं, एक मोठ्या वाद्यमेळाचं. 'सैराट'मधलं एखादं घ्या. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला खराखुरा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, त्यामुळे व्हायोलिनपासून ड्रमपर्यंत ऐकायला बरंच काही आहे.

दोन. दोन्ही बाजूंचा व्हॉल्यूम सारखा करा. कुणाच्या तरी बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून दोन्हीकडे ते सारखंच मोठं वाटेपर्यंत जुळवा. हे टाळलं तर पुढचं सगळं फुकट.

तीन. डोळे मिटा. मित्राने नाणं उडवून ठरवायचं, इक्वलायझर चालू की बंद, साधी फाइल की 'हाय-रेझ'. तुम्ही फक्त ओळखायचं. असं दहा वेळा करा.

चार. आता निकाल. दहापैकी सात बरोबर आले तर लगेच कॉलर ताठ करू नका. नुसते अंदाज मारले, तरी सहा जणांतल्या एकाचे सात किंवा जास्त बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर आले, तर मात्र मानलं तुम्हाला. ते नशिबाने जमण्याची शक्यता शंभरात एक.

आणि फरक ओळखता आला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचे पैसे वाचले.

एका बाबतीत मात्र कानाचं ऐकू नका

आवाज किती मोठा आहे, हे कानाला विचारू नका. कान सरावतो. लोकलमध्ये वाढवलेला व्हॉल्यूम दहा मिनिटांत 'नॉर्मल' वाटायला लागतो. विसर्जन मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहिल्यावर कानाला दडे बसतात ना, किंवा रात्री उशीवर डोकं टेकल्यावर शिट्टी ऐकू येते? सकाळी ती थांबते आणि आपण म्हणतो, झालं बरं. पण असं वारंवार होत राहिलं, तर गेलेलं परत येईलच असं नाही.

इथे आकडाच मित्र. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याला फक्त ४ तास उरतात! आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये हेडफोनची पातळी दिसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉल्यूमचा इशारा येतो, जो आपण न वाचता 'ओके' करतो. पुढच्या वेळी वाचा.

तर आता आपल्या सोलापूरच्या मित्राकडे. अरे, तू फसलेला नाहीस. पहिल्या आठवड्यात तुला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तुला गाणी आवडत होती. नवेपणाची खुशी त्यात असेलही थोडी, पण त्या साक्षीला किंमत आहे. ग्राफही खोटं बोलत नाहीये. तुझ्या इअरफोनमध्ये बेस बहुतेकांच्या आवडीपेक्षा जास्त असेलही. तू कदाचित त्या १५ टक्क्यांतला असशील, नाहीतर रोज बसच्या घरघरीत ऐकत असशील. भावाला किंवा मित्राला बसव, डोळे मीट आणि इक्वलायझरमध्ये बेस थोडा कमी करून तुलना कर. कमी केलेला आवडला तर तसाच ठेव. एक पैसा लागत नाही. नाही आवडला, तर तो व्हिडिओ विसर आणि गाणं ऐक. तीन महिने काम केलंस ते गाण्यासाठी.

फक्त मुख्य बटण चालू आहे ना, तेवढं बघून घे. माझ्यासारखं नको व्हायला!

दहापैकी किती आले, ते व्हॉइस नोटवर कळवा. सात आले तरी कळवा, हसणार नाही. भेटू पुढच्या भागात.