पडणे हे केवळ निमित्त

“आजी न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले,” हे वाक्य आपणांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असेल. ऐकणारा हळहळतो, फरशी ओली ठेवणाऱ्यास कोणी बोल लावतो, आणि वयोमानापुढे कोणाचे काय चालणार, असे म्हणून विषय संपतो. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे व उत्तरार्धही खरा आहे. परंतु त्या दोहोंना जोडणारे ‘आणि’ मात्र पुरते खरे नाही. चालताना पाय घसरून माणूस जमिनीवर पडला, तर एवढ्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. जे मोडते ते कित्येक वर्षांपासून आतून विरळ होत आलेले असते. वाळवी लागलेला वासा एखाद्या पावसाळी रात्री कोसळतो. म्हणून त्या रात्रीच्या वाऱ्यानेच तो मोडला असे सुतार म्हणत नाही. पडणे हे निमित्त होय. खरे कारण त्यापूर्वी दहा-वीस वर्षे मुकाट्याने आपले काम करीत असते. ते आधी ओळखता येते, मोजता येते आणि पुष्कळ अंशी थोपविताही येते, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

या विकाराला डॉक्टर मंडळी ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मराठीत त्यास अस्थिसुषिरता असे नाव आहे. सुषिर म्हणजे छिद्रे असलेले. बासरी व सनई यांना आपण सुषिर वाद्ये म्हणतो, तोच हा शब्द. हाड बाहेरून दगडासारखे दिसले तरी ते निर्जीव नव्हे. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे रचणाऱ्या पेशी यांचे काम अहोरात्र चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग अशा रीतीने दर वर्षी नव्याने घडतो. साधारणपणे तिशीपर्यंत रचण्याचे काम पोखरण्यावर मात करते. पुढे काही काळ दोन्ही बाजू सारख्या राहतात. आणि त्यानंतर पोखरण्याची बाजू हळूहळू वरचढ होते. सुगीत भरलेल्या कणगीतूनच वर्षभर काढावयाचे असते, तशी ही स्थिती आहे. कणगी मुळात किती भरली होती आणि त्यातून किती वेगाने काढले जात आहे, या दोन गोष्टींवर म्हातारपणीचे हाड अवलंबून असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा वेग एका विशिष्ट वेळी एकदम वाढतो. मासिक पाळी थांबली की हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरते, आणि पुढील पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडातील २० टक्क्यांपर्यंत भाग नाहीसा होतो. हा संबंध प्रथम स्पष्टपणे दाखविला तो बोस्टन येथील वैद्य फुलर ऑलब्राइट यांनी, १९४१ साली. मणक्यांच्या अस्थिसुषिरतेच्या ६५ वर्षांखालील ४२ रुग्णांची त्यांनी नोंद केली, तेव्हा त्यांतील ४० जणी रजोनिवृत्त स्त्रिया निघाल्या. पाश्चात्य देशांत पाळी जाण्याचे सरासरी वय ५१ च्या आसपास आहे. आपल्या देशात ते ४६-४७ च्या आसपास आढळते. म्हणजे आपल्याकडील स्त्रीची कणगी चार-पाच वर्षे आधीच रिती होऊ लागते.

या संदर्भात एका गोष्टीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे पुष्कळदा तरुण वयातच होते. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली एवढा गाजला की शासनास चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले असतील, तर त्या स्त्रीला पस्तिशीतच रजोनिवृत्ती आली असे समजावयास हवे. बीजांडकोश राखले तरीही ती पुष्कळदा लवकर येते. आपली शस्त्रक्रिया झाली असेल, तर नेमके काय काढले, हे कागदपत्रे पाहून विचारून ठेवावे. हाडांच्या हिशेबात त्या उत्तराला मोठी किंमत आहे.

आता या विकाराचा खरा धोका कोणता? तो हा की, हाड विरळ होताना दुखत नाही. साध्या क्ष-किरण चित्रातही ३० टक्क्यांहून अधिक भाग गेल्यावाचून ते नीट दिसत नाही. इतकेच नव्हे, तर मणका दबून मोडला तरी तीनांपैकी दोन वेळा तो मोडल्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. पाठ चार दिवस धरते, शेक दिला जातो, आणि पुढे उंची कमी होऊन पाठीस बाक येतो. त्याला आपण म्हातारपण म्हणतो. म्हातारपणाने केस पांढरे होतात. पाठीचा बाक हा पुष्कळदा मोडलेल्या मणक्यांचा पुरावा असतो.

म्हणून पहिली पायरी घरीच हिशेब मांडण्याची. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावीत. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने एखादे हाड मोडले आहे काय? आईच्या किंवा वडिलांच्या खुब्याचे हाड मोडले होते काय? शरीर फार कृश आहे काय? पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली काय? दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिने वा अधिक काळ घेतल्या आहेत काय? आमवाती संधिवात, थायरॉइडचा अतिरेक, मधुमेह किंवा अन्न अंगी न लागण्याचा जुनाट विकार आहे काय? विडी-सिगारेटचे वा मद्याचे व्यसन आहे काय? शेवटी भिंतीशी टाचा लावून उभे राहावे व उंची मोजावी. तरुणपणच्या उंचीपेक्षा ती ४ सेंटिमीटर वा अधिक घटली असेल, किंवा डोक्याची मागची बाजू भिंतीस टेकत नसेल, तर मणक्यांचे चित्र काढून घेणे आवश्यक समजावे.

यापुढे एक अगदी सोपे गणित आहे. आठ आशियाई देशांतील रजोनिवृत्त स्त्रियांची पाहणी करून ते २००१ साली प्रसिद्ध झाले. किलोग्रॅममधील वजनातून वय वजा करावे आणि आलेल्या आकड्यास ५ ने भागावे. उत्तर उणे १ पेक्षा अधिक आले तर धोका कमी. उणे १ ते उणे ४ यांच्या दरम्यान आले तर मध्यम. आणि उणे ४ च्याही खाली गेले तर मोठा. उदाहरणार्थ, ६८ वर्षांच्या व ४४ किलो वजनाच्या बाईंचे उत्तर उणे ४.८ येते, त्यांनी तपासणीस विलंब लावू नये. ५५ वर्षांच्या व ६० किलो वजनाच्या बाईंचे उत्तर अधिक १ येते. मात्र हे गणित वय आणि वजन यांपलीकडे काही जाणत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पूर्वी मोडलेले हाड त्याला ठाऊक नसते. म्हणून वरच्या प्रश्नांची उत्तरे त्याच्या जोडीस ठेवावीत. हे सारे एकत्र करून पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्केवारीत सांगणारी ‘फ्रॅक्स’ नावाची पद्धत इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झाली व २००८ साली प्रसिद्ध झाली. भारतासाठीही तिची स्वतंत्र मांडणी उपलब्ध आहे, आणि डॉक्टरांकडून ती काही मिनिटांत करून घेता येते.

दुसरी पायरी मोजणीची. हाडातून किरण पाठवावे, किती अडले ते पाहावे आणि त्यावरून हाडाची घनता काढावी, ही कल्पना अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅमेरॉन व सोरेन्सन यांनी १९६३ साली मनगटालगतच्या हाडावर यशस्वी करून दाखविली. १९८७ च्या सुमारास दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण वापरणारे यंत्र आले, आणि मांस-मेदाचा भाग वजा करून कंबरेचे मणके व खुबा यांची घनता मोजता येऊ लागली. हीच डेक्सा तपासणी. तिच्यात सुई नाही, औषध नाही, बंद नळीत शिरणेही नाही. मेजावर दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ पडून राहावयाचे, एवढेच. तिच्यातील किरणांची मात्रा छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राहूनही कमी असते. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नये; धातूचे बंद वा साखळ्या असलेले कपडे घालू नयेत; नुकतीच बेरियमची किंवा रंगद्रव्य टोचून केलेली तपासणी झाली असल्यास तसे सांगावे.

ही तपासणी कोणी करावी? पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, आणि पाळी गेलेल्या परंतु त्याहून लहान अशा, वरील धोक्यांपैकी एखादा असलेल्या स्त्रीने ती करून घ्यावी, हा सर्वसाधारणपणे मान्य झालेला सल्ला आहे. पुरुषांविषयी तितके एकमत नाही. तथापि सत्तरीनंतर, किंवा त्यापूर्वीही धोका असल्यास, त्यांनीही ती करावी असे पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. हा बायकांचा आजार, असे म्हणून पुरुषांनी निश्चिंत राहू नये. पन्नाशीनंतर जगात तीन स्त्रियांपैकी एकीचे, तसेच पाच पुरुषांपैकी एकाचे हाड या विकारापायी मोडते, असा अंदाज आहे.

तिसरी पायरी अहवाल वाचण्याची. त्यात ‘टी-स्कोअर’ नावाचा आकडा असतो. निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेपासून आपली घनता किती दूर आहे, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरविलेल्या सीमांप्रमाणे उणे १ पर्यंत घनता ठीक. उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान ती घटलेली. आणि उणे २.५ वा त्याखाली अस्थिसुषिरता. परंतु हा आकडा परीक्षेतील उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल समजू नये. मधल्या गटात माणसे पुष्कळ असल्यामुळे मोडणाऱ्या हाडांपैकी पुष्कळशी त्याच गटातील असतात. आणखी एक सावधगिरी बाळगावी. उतारवयात मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटतात आणि त्यामुळे कंबरेचा आकडा फसवा चांगला दिसतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर अधिक भिस्त ठेवावी. मोफत शिबिरांतून टाचेवर ध्वनिलहरींचे यंत्र लावून जी घनता सांगितली जाते, तिचा उपयोग पुढील तपासणीस कोणास पाठवावे हे ठरविण्यापुरता आहे. केवळ त्या आकड्यावरून औषध सुरू करू नये, आणि तो चांगला आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. फेरतपासणी वर्ष-दोन वर्षांनी, आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी. निरनिराळ्या यंत्रांच्या आकड्यांची तुलना नीट होत नाही.

श्रोतेहो, या साऱ्यांत जेथे आपल्या हातून सर्वांत मोठी हयगय होते ती जागा आता सांगतो. साठीच्या बाई अंगणात पडतात, हात टेकतात आणि मनगट मोडते. अस्थिरोगतज्ज्ञ ते बसवतात, प्लास्टर घालतात, सहा आठवड्यांनी ते काढतात. हात बरा झाला, प्रकरण मिटले. हाड जोडले गेले खरे. पण ते एवढ्याशा धक्क्याने मोडले का, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वास्तविक असे एकदा मोडलेले हाड पुन्हा मोडण्याचा धोका जवळजवळ दुपटीने वाढल्याचे सांगत असते. मनगटानंतर मणका, आणि त्यानंतर खुबा, अशी ही पायऱ्यांची उतरण असू शकते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचातील एकजण वर्षाच्या आत दगावतो, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांचे पूर्वीसारखे हिंडणे-फिरणे परत येत नाही. मनगट हे आधी मिळालेली सूचना आहे. प्लास्टर निघेल त्या दिवशीच “माझ्या हाडांची घनता मोजावी काय?” असे विचारले, तर ती सूचना वाया जाणार नाही.

घनता कमी निघाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर प्रथम रक्ततपासणी करून थायरॉइड, मूत्रपिंड, ड जीवनसत्त्व इत्यादी कारणे शोधतात. औषधेही आज परिणामकारक आहेत. ज्यांचा मणका पूर्वी मोडला आहे अशा स्त्रियांत आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या अ‍ॅलेन्ड्रोनेटसारख्या गोळीने पुढील मोड जवळजवळ निम्म्याने घटते. ती सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी व नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. नाही तर अन्ननलिकेस इजा होते. आपल्या देशातील आहारविषयक शिफारशीप्रमाणे रजोनिवृत्त स्त्रीस रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १२०, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. गोव्यातील व सीमाभागातील घरांना नाचणी परकी नाही. तिची भाकरी व आंबील पुन्हा ताटात यावी. उन्हाळी देशात राहूनही ड जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे सर्वत्र दिसते, कारण ऊन दाराबाहेर असते आणि आपण दाराच्या आत. रोज चालणे व जिने चढणे हाडांना उपकारक आहे. तोल सांभाळण्याचा व्यायाम पडणे टाळतो. न्हाणीघरात भिंतीला धरावयास दांडी आणि रात्री पायवाटेवर दिवा, एवढी व्यवस्था तर कोणत्याही घरी होऊ शकते.

घरातील वडीलधाऱ्या बाईने आपणहून तपासणी मागावी, अशी आपल्या कुटुंबांची रीत नाही. सर्वांच्या गोळ्या वेळेवर देणारी आई किंवा आत्या आपल्या पाठीच्या दुखण्याविषयी “आता वयच झाले” एवढेच म्हणते. म्हणून हा हिशेब मुलांनी व सुनांनी मांडावयास हवा. येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना भिंतीशी उभे करून त्यांची उंची मोजावी, वजनातून वय वजा करावे, आणि पूर्वी कधी हाड मोडले होते काय, हे विचारावे. या कामास अर्धा तासही पुरे होईल. आणि ज्या घरी उत्तर काळजीचे येईल, तेथे न्हाणीघरातील फरशीला दोष देण्याची वेळ येण्यापूर्वीच डॉक्टरांचे दार ठोठावता येईल.