'सुचविणे' आणि 'सांगणे'

मंडळाच्या वार्षिक सभेत कोणी उठून म्हणतो, "खजिनदारपदासाठी मी अमुक यांचे नाव सुचवितो." नाव सर्वांना ऐकू जाते. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नोंद होते. येथे आडपडदा काहीच नाही. त्याच सभेत दुसरे कोणी म्हणते, "हिशेब वेळेवर आले असते तर बरे झाले असते," आणि मागच्या रांगेतली मंडळी सूचक हसतात. येथेही काहीतरी सुचविलेच गेले, पण कोणाचेही नाव न घेता. एकाच क्रियापदाने ही दोन कामे कशी साधतात?

उत्तर व्याकरणात आहे. 'सुचविणे' हे 'सुचणे'चे प्रयोजक रूप. कल्पना मनात आपोआप येते, म्हणून आपण 'मी सुचलो' म्हणत नाही, 'मला सुचले' म्हणतो. तेव्हा 'सुचविणे' म्हणजे दुसऱ्याला सुचेल असे करणे. 'सांगणे' बोलणाऱ्याच्या तोंडी पूर्ण होते, 'सुचविणे' मात्र ऐकणाऱ्याच्या मनात. सभेत नाव सुचविणारा निर्णय इतरांवर सोडतो. हिशेबाविषयी बोलणारा तर अर्थही इतरांवर सोडतो, आणि उद्या "मी तसे म्हटलेच नाही" असे म्हणायला मोकळा राहतो.

शेजारचे शब्द यावरून वेगळे काढता येतात. 'उल्लेख करणे' म्हणजे नाव घेणे. 'टोमणा मारणे' म्हणजे सुचविणेच, पण बोचावे या हेतूने. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण त्याच जातीची. "आपणास सूचित करण्यात येते की..." असे कोणी पत्रात लिहिले तर तेथे सुचविण्यासारखे काही नसते. 'कळविण्यात येते' हाच साधा, नेमका शब्द.

आपल्या साहित्यशास्त्राने या व्यवहाराचा खोल विचार केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि न उच्चारलेला अर्थ हाच काव्याचा आत्मा ठरविला. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'सूर्य मावळला' या साध्या वाक्याचे उदाहरण घेतले. ते ऐकून मजुराला वाटते काम थांबवावे, गुराख्याला वाटते गाई घरी न्याव्यात, कोणाला संध्येची वेळ झालेली आठवते. वाक्य तेच, पण ऐकणारा आणि प्रसंग बदलला की अर्थ बदलतो.

माझ्या व्यवसायातली उपमा द्यायची तर हा पॉइंटर आहे. पॉइंटरमध्ये वस्तू नसते, ती स्मृतीत कोठे ठेवली आहे तो पत्ता असतो. पण एका प्रोग्रॅममधला पत्ता जसाच्या तसा दुसऱ्या प्रोग्रॅमला दिला तर त्या जागी भलतेच काही सापडते किंवा काहीच सापडत नाही, कारण दोघांची स्मृती वेगळी. सुचविणेही सामायिक स्मृतीवरच चालते.

हे मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी अण्णा फोनवर म्हणाले, "यंदा जिन्याला कठडा बसवून घेतला." मी सुताराने किती घेतले ते विचारले, आणि विषय संपला. पुढच्या हिवाळ्यात घरी गेलो तेव्हा आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरत होती. ती जिन्यावरून पडली होती. मी चिडून विचारले, "मला सांगितले का नाही?" अण्णा शांतपणे म्हणाले, "अरे, सुचवलं होतं की तुला!"

गल्लीत राहणाऱ्या मुलाला 'कठडा' म्हटल्याबरोबर कळले असते. तो जिना त्याच्या रोजच्या पाहण्यातला. माझ्या स्मृतीतली आई अजून धावत गच्चीवर जात होती.

आता दर रविवारी फोन लावला की मी आधीच म्हणतो, "अण्णा, सुचवू नका, सांगा." ते हसतात, "बरं" म्हणतात, आणि पावसाविषयी बोलू लागतात. मी मात्र आता विचारतो, "पाऊस एवढा आहे, तर आईचा गुडघा कसा आहे?"